सव्वातीन मिनिटांच्या माणिकताई

मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे वाजते. त्यातली वीसेक सेकंद सुरुवातीच्या वाद्यांची. मुखडा दोनदा म्हटला की पंचवीस गेली. तीन अंतरे आणि मधली वाद्ये यांत सव्वादोन मिनिटांहून थोडे अधिक सरते. शिल्लक राहतात दहा-बारा सेकंद. गायिका माणिक वर्मांचे सगळे ऐश्वर्य त्या शिलकीत आहे.

१९२६ साली पुण्यात जन्मलेल्या माणिक दादरकरांची (पुढे लग्नानंतर वर्मा) तालीम किराणा घराण्याची. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांच्याकडून आलेली ही गायकी एकेका सुरावर ठिय्या देऊन बसणारी. अशा गळ्याला भावगीत अवघड जायला हवे. रागदारीतला ख्याल गाणारे बहुतेक जण इथेच फसतात. अंतरा संपला की तान भरतात, आणि ती ऐकताना कवी काय म्हणत होता हेच विसरायला होते. माणिकताईंची हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, शब्द उच्चारता उच्चारताच येते आणि पुढचा शब्द यायच्या आत मिटते. ‘सावळाच रंग तुझा’ नीट कान देऊन ऐका. गाणे सजवले आहे हे तिसऱ्या-चौथ्या वेळी कळते.

ही सवय लावण्यात रेडिओचाही हात असावा. मायक्रोफोन फार चहाडखोर. वीतभर अंतरावर बसले तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात आणि श्वास घेतलेलाही ऐकू जातो. मागे सरकले तर आवाज खोलीच्या घुमाऱ्यात पातळ होतो. मैफलीच्या सवयीने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान फिरवली की तेवढाच सूर हवेत जातो. बांगड्या काढून ठेवायच्या, वहीचे पान उलटायचे ते वाद्ये वाजत असताना. तंबोरे आधी नेऊन स्टुडिओच्या गारव्यात मुरू द्यायचे आणि मगच लावायचे, नाहीतर प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागल्यावर तारा सरकायला लागतात. आणि थेट प्रक्षेपणात थांबून तंबोरा कोण लावू देणार?

त्यातून पेटी, म्हणजे हार्मोनियम, नाही! १९४० पासून तीसेक वर्षे आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. साथीला सारंगी किंवा व्हायोलिन. पेटीच्या आडोशाने गाणाऱ्यांचे त्यात हाल झाले, कारण सूर किंचित उतरला तरी झाकायला काही नाही. मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यावर, पोसलेल्या गळ्यांना मात्र बंदी मानवली असणार. बंदी म्हणून ती मूर्खपणाचीच होती, हा भाग वेगळा.

पुणे केंद्रावर १९५५च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’तही त्या गायल्या. तिथे गीत आठवड्याला एक, चालही त्याच आठवड्यातली, म्हणजे घोटून घोटून बसवायला सवड नाही.

१९७२च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन आले आणि गाणाऱ्यांपुढे नवाच ताप उभा राहिला. दिव्यांच्या उष्णतेने तंबोरा उतरायचा. पांढरीशुभ्र साडी कृष्णधवल पडद्यावर भगभगायची. बरे, गाताना वेडेवाकडे होणारे तोंड रेडिओने इतकी वर्षे झाकले होते. त्या काळच्या गायिका कॅमेऱ्यासमोर बहुधा एका जागी, पदर सावरून, शांत बसलेल्या दिसतात. आजच्या स्पर्धांमध्ये ‘अमृताहुनी गोड’ हातवारे करून म्हणतात. ‘गोड’वर हात उंच गेला की छातीतला श्वासही वर जातो आणि ‘नाम तुझे देवा’ला पुरत नाही.