रविवारी झोपूनही सोमवारी थकलेला

रविवार, रात्र

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या घरात आत्ता डबे धुऊन पालथे घातलेले असतील. उद्या सकाळी एकच गोष्ट बघायची. दुपारी चार तास झोप काढलेला पोरगा उठेल तेव्हा हलका असेल का? कष्टाचा थकवा झोपेनं उतरतो. उसाच्या मोळ्या भरलेला गडी रात्री आडवा होतो आणि पहाटे ताजा उठतो. बर्नआउटचा थकवा तसा उतरत नाही. सलग तीन-चार सोमवार असे गेले, तर त्याला आळस म्हणायचं थांबवावं.

जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं अकरावं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर जी अवस्था येते ती, असं तिथं म्हटलंय. खुणा तीन सांगितल्यात: शक्ती आटणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. आपल्याकडं या तिन्ही खुणा रोज कानावर पडतात. 'अंगातच न्हाई.' 'मरू दे, आपल्याला काय करायचंय?' 'डोकंच चालंना.' फक्त तिन्ही एकाच पोराच्या तोंडून येतायत, हे कुणी जोडून बघत नाही.

लपतं कसं, तर हजेरी पूर्ण असते. बाईकचा हप्ता, बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा खाडा करत नाही. तो रडतही नाही; चिडतो. आईनं दोनदा हाक मारली की खेकसतो. मावा किंवा सिगरेट वाढते, पित्त आणि डोकेदुखी कायमची होते, गाडी उगाच जोरात पळते. दिवस स्वतःच्या हातात नव्हता म्हणून रात्र तरी आपली, या हट्टानं दोनपर्यंत मोबाइल चालतो. कट्ट्यावर येणं बंद होतं. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असताना जो घरी बसून राहतो, त्याच्याकडं लक्ष द्यायला पाहिजे.

बुधवार

फौंड्रीत पाळी आठवड्याला बदलते आणि निम्मी गडबड तिथंच होते. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. रात्रपाळीची जरा सवय होतेय तोवर शनिवार येतो आणि पाळी फिरते. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम अंगाला सोसतो. उलटा क्रम झोप जास्त मोडतो. पाळ्या लावणाऱ्या सुपरवायझरच्या हातात एवढं तरी नक्की असतं.

रात्रपाळीहून आल्यावर थोडं खाऊन लगेच झोपावं. बँकेचं काम, गिरणी, भाजी हे सगळं उठल्यावर. खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांनी ते सहा-सात तास खरंच सांभाळायचे. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्यातच, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही रक्तात असतं. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या बाटलीत ७० ते ८० मिलीग्रॅम कॅफिन असतं. पहाटे चारला ती प्यायली, तर सकाळी आठला झोप कशी लागणार? झोपेसाठी दारू घेणाऱ्याला डोळा लगेच लागतो, पण पुढची अर्धी रात्र तुटक जाते.

आयटीवाल्यांचं दुखणं वेगळं. पुण्याची नोकरी राजारामपुरीतल्या खोलीत बसून करताना काम सुटायची वेळच नसते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला तर सुट्टीचाच अपराध वाटतो. त्याला पगार नाही म्हणून त्याचं थकणं कुणी मोजत नाही, आणि हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं.

गुरुवार

उपाय दोन आठवड्यांच्या वहीपासून सुरू करावा. रोज तीनच गोष्टी लिहायच्या: झोपलो कधी आणि उठलो कधी, आजचा दिवस शून्य ते दहात किती गेला, आणि सगळ्यात जास्त कशानं पिळून काढलं. चौदा ओळी झाल्या की तिसऱ्या रकान्यात तेच-तेच दिसायला लागतं. कामाचा बोजा, कामावर आपली सत्ता नसणं, कष्टाची दखल न घेतली जाणं, माणसांशी तुटणं, पक्षपात, आणि मनाला न पटणारं काम करायला लागणं, ही बर्नआउटची सहा नेहमीची मुळं आहेत. वहीत जे सारखं येतं, त्या एकालाच आधी हात घालावा.

बोजा असेल तर साहेबाकडं 'लई त्रास होतोय' म्हणून उपयोग नाही. मागणी मोजून करावी: 'पुढचे चार आठवडे सलग दोन डबल ड्यूटी लावू नका.' आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम जादा धरलं जातं आणि त्याला दुप्पट दर आहे, हेही माहीत असू द्यावं. थकव्याच्या भरात राजीनामा लिहू नये. आधी दोन आठवडे सात-सात तास झोप, मग निर्णय.

दोन दिवसांची गोव्याची बाईक ट्रिप हा उपाय नाही; जागरण करून पोरगा आणखी मोडून येतो. तालमीत घाम गाळला की सगळं उतरतं, हेही इथं खरं ठरत नाही. व्यायाम बंद करू नये, पण जोर-बैठका निम्म्यावर आणाव्यात आणि रंकाळ्याला अर्धा तास चालावं. सावरायला आठवडे लागतात, कधी महिनेही.

एक तपासणी सोडू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी १२, साखर. यातलं काही बिघडलं तरी थकवा असाच दिसतो. जोरात घोरणाऱ्याला, झोपेत श्वास अडकणाऱ्याला डॉक्टरला तेही सांगायला लावावं.

शनिवार

विचारायचं कसं, यावरच बरंच अवलंबून असतं. समोरासमोर बसवून नको. गाडीवरून जाताना, नाहीतर गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिताना, शेजारी-शेजारी. 'काय झालंय तुला?' याला उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा जे दिसलंय ते सांगावं: 'गड्या, महिना झाला तालमीकडं फिरकला न्हाईस. झोप लागती का रात्री?' 'मर्दा, एवढ्यात दमलास?' हे चेष्टेतही म्हणू नये.

'काय न्हाई, बरं हाय,' असं तो म्हणणारच. चार-पाच दिवसांनी परत विचारायचं. बहुतेक जण दुसऱ्यांदा विचारतच नाहीत.

सुट्टीतही काही गोड लागत नसेल, जेवण-झोप बिघडून दोन आठवडे उलटले असतील, 'माझा सगळ्यांना भार झालाय' असं बोलणं येत असेल, तर ते बर्नआउटच्या पुढं, नैराश्याकडं गेलेलं असू शकतं. तेव्हा सरळ विचारावं: 'जीव द्यायचं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 'होय' म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं, कीटकनाशकं हलवायची आणि तिथंच बसून १४४१६ लावायचा. ही टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सकाळी सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात जायचं असेल तर केसपेपर काढायला आपण रांगेत उभं राहावं आणि त्याला बाकड्यावर बसवावं.