वहिनी, कुठली आणू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तसं सगळ्यांनीच विचारून झालंय. लिफ्टमध्ये विचारलंय, गावदेवी मंडईत हातात मेथीची जुडी असताना विचारलंय, आणि गेल्या संक्रांतीला एकीने वाण घेता घेता कानाशी लागून विचारलं, "वहिनी, ह्यांच्या पन्नाशीला एक बाटली द्यायचीय. दोन-अडीच हजारांत चांगली व्हिस्की कुठली?"

मी म्हटलं, "भावजींना गोडात काय आवडतं?"

तिला वाटलं, मागून कुणीतरी आलं म्हणून मी विषय बदलला. मी विषय बदलला नव्हता. त्या प्रश्नाशिवाय मला उत्तर देताच येत नाही.

माझी नोकरी तुर्भ्याला, मसाल्याच्या कारखान्यात, क्वालिटीला. बावीस वर्षं नाकाच्या जिवावर पगार घेतेय. नव्या धण्यांत जुने मिसळलेत का, दालचिनीची गोणी ओलीत राहिली होती का, हे मशीनच्या आधी नाकाने सांगायचं. घरी पहिल्यांदा व्हिस्कीचा ग्लास हातात आला तेव्हा मी तो नुसता हुंगत बसले, तर नवरा म्हणाला, "अगं, सॅम्पल नाहीये ते!" तिथून ही कीर्ती पसरली. बाईमाणूस व्हिस्कीबद्दल बोलतं याचं नौपाड्यात आता कुणाला फारसं वाटत नाही. सासूबाईंना वाटायचं. पण खोकला झाला की चमचाभर ब्रँडी त्याही घ्यायच्या, त्यामुळे त्यांनी कधी ताणलं नाही.

आधी माझी फजिती सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी बोनसच्या पैशांतून मी एक भारीतली सिंगल माल्ट आणली, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. शेरी नावाच्या स्पॅनिश वाईनच्या पिंपात मुरवलेली. ज्याने त्याने तिची स्तुती लिहिली होती: मनुका, खजूर, फ्रूटकेक. मी घोट घेतला आणि मला थेट द्राक्षासव आठवलं. परीक्षेच्या दिवसांत आजी चमचा घेऊन मागे लागायची, तेच. नवऱ्यालाही ती रुचली नाही, पण किंमत माहीत असल्यामुळे त्याने दोन-तीन वेळा "छान आहे" म्हणून पाहिलं. मग ती बाटली दीड वर्ष पापडाच्या डब्यामागे पडून राहिली. अर्ध्याहून रिकामी बाटली अशी महिनोन्‌महिने ठेवली की आतल्या हवेने वास मंदावत जातो. शेवटी उरलेली नाताळच्या केकमध्ये गेली. केक मात्र फर्मास झाला.

बाटलीत खोट काहीच नव्हती. मी दुसऱ्यांच्या जिभेचं वाचून स्वतःचे पैसे घातले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी मुरबाडला माहेरी गेले होते. भावाकडे टीचर्स या स्कॉचचा, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीचा, क्वार्टर होता. त्यातला पाण्याबरोबर थोडा घेतला आणि मी ग्लास खालीच ठेवला. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये भाताच्या रोपासाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेणी, तोडलेल्या फांद्या जमिनीवर पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. संध्याकाळी सगळ्या गावावर तो धूर बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांनाही लागतो. तो धूर त्या ग्लासात होता. हे कसं, ते नंतर कळलं. स्कॉटलंडमध्ये दलदलीत शतकानुशतकं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर असतात, त्याला पीट म्हणतात. ते कापून, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आणलेलं बार्ली सुकवतात. धूर दाण्यात शिरतो तो बाटलीपर्यंत सोबत राहतो. टीचर्समध्ये आर्डमोर नावाच्या डिस्टिलरीचा असा धुरी दिलेला माल्ट असतो. माझ्या केकातल्या बाटलीच्या पाव किमतीत मला माझी व्हिस्की सापडली होती, तीही भावाच्या ओट्यावर.

म्हणून मी गोडाचं विचारते. ज्याला बासुंदी, चिक्कू, श्रीखंड आवडतं, त्याला बर्बन पिंपातली व्हिस्की बहुतेक आवडते. अमेरिकेत बर्बन नावाची व्हिस्की करताना किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्या जळक्या लाकडातून व्हॅनिलासारखा गोडवा उतरतो. तीच रिकामी पिंपं पुढे जगभर जातात आणि त्यांत इतर व्हिस्क्या मुरतात. माझा नवरा या गोटातला. त्याच्यासाठी गोव्याच्या पॉल जॉनची निर्वाणा येते. सिंगल माल्ट आहे, धूर अजिबात नाही, आणि विलायती सिंगल माल्टच्या मानाने खिशाला सोसते. ज्याला एकदम हलकं, घशाला न लागणारं हवंय, त्याने आयरिश जेमसन बघावी. ती तीनदा उकळून गाळलेली असते. द्राक्षासव मनापासून आवडणाऱ्यांनी (आहेत, मी भेटलेय) शेरीकडे जावं, पण एकदम मोठी उडी न मारता इंद्री-त्रिणीपासून सुरुवात करावी. हरियाणातली आहे. बर्बन, फ्रेंच वाईन आणि शेरी अशी तीन पिंपं तिला लागलेली आहेत, म्हणून शेरी तिथे बेतात लागते. आणि ज्यांना सुके बोंबील भाजताना घरभर सुटणारा वास हवाहवासा वाटतो, ते माझ्या पंगतीतले. त्यांनी टीचर्स घ्यावी, मग जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल, मग हिंमत झाली तर स्कॉटलंडच्या आयले बेटावरच्या व्हिस्क्या. त्यातल्या लॅफ्रॉएगचा पहिला घोट दवाखान्यात टिंक्चर आयोडीन लावल्यासारखा लागतो. माझ्या भावाने तोंड वाकडं केलं आणि दुसरा पेग मागितला.

वयाची गंमत वेगळीच आहे. बाटलीवर १२ वर्षं लिहिलं असेल तर आतली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा १२ वर्षांची असते. पण ते वय लाकडात असतानाचं. बाटलीत ती म्हातारी होत नाही. आमच्या एका काकांनी १९९४ सालची बाटली "तीस वर्षांची झाली" म्हणून जपली आहे. ती तेव्हाही १२ ची होती आणि आजही १२ चीच आहे. आणि आपल्या हवेत हा हिशोबच बदलतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते. बेंगळुरूला अमृत डिस्टिलरीच्या गोदामात १० टक्क्यांच्या वर. तिथे बारा वर्षं ठेवली तर पिंपात उरणार काय? पण उष्णतेने लाकडाचा रसही भराभर उतरतो, त्यामुळे आपल्याकडची चार-पाच वर्षांची माल्ट चवीला थोराड लागते. २००४ मध्ये अमृतने आपली सिंगल माल्ट आधी थेट ग्लासगोत विकायला नेली, ते उगाच नाही. भारतीय माल्टवर वय लिहिलेलं नसलं तर नाक मुरडू नका. गडद रंगावर मात्र भाळू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला कायद्याने मुभा आहे.

दुकानात बाटली उलटी फिरवून मागचं लेबल वाचा. बजेटमधल्या बहुतेक भारतीय व्हिस्क्यांत साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून केलेला मद्यार्क असतो, आणि त्यात थोडा माल्ट, कधी थोडी स्कॉच. मळीच्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. म्हणून ती वाईट, असं मी म्हणत नाही. सोडा आणि चकण्याबरोबर गप्पा मारत प्यायला ती ठीकच, पण हुंगायला तिच्यात फारसं काही नसतं. 'बॉटल्ड इन इंडिया' दिसलं तर थांबा. ही स्कॉच तिकडेच किमान तीन वर्षं ओकमध्ये मुरलेली असते, फक्त मोठ्या प्रमाणात येऊन इथे बाटलीत भरली जाते. टीचर्स, १०० पायपर्स, व्हॅट ६९ या त्यातल्या. माझ्या मते पैसा वसूल होण्याची जागा हीच. अशा बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तो जुन्या इंग्रजी मापाचा वारसा आहे: ५७.१ टक्के म्हणजे 'प्रूफ', त्याच्या २५ टक्के खाली, म्हणून '२५ यू.पी.', म्हणजे अंडर प्रूफ. बाहेरून भरून आलेल्या ४० टक्केवालीपेक्षा हिला चमचाभर पाणी जास्त लागतं, इतकंच.

कराचं एकदाच सांगते, कारण "गोव्याला अर्ध्या किमतीत मिळते" हे मला दर मे महिन्यात ऐकावं लागतं. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. जून २०२५ मध्ये खालच्या दरातल्या देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. म्हणजे खालची पायरी वर सरकली. पूर्वी नेहमीच्या भारतीय ब्रँडवरून स्कॉचवर जायला मोठी ढांग टाकावी लागायची, आता तेवढी लागत नाही. आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. सीवूड्सच्या माझ्या भाच्याने चोविसाव्या वर्षी विचारलं होतं, "मावशी, कुठली घेऊ?" त्याला मी कोकम सरबत सुचवलं.

पण पैसे खरे वाचतात ते कमी आणण्यात. आवडते की नाही हे माहीत नसताना खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, आणायचा नाही. क्वार्टर आणा. १८० मिलीत तीन मोठे पेग होतात, तेवढ्यात कळतं. सिंगल माल्टचा सहसा क्वार्टर मिळत नाही, म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चार घरांनी भिशी काढलीय. महिन्याला एक बाटली, चौघांत वर्गणी, आणि काटेकोर मापून प्रत्येक घराला १८७ मिली. (उरलेले दोन मिली कोण पितं यावर पहिल्या महिन्यात वाद झाला.) दोन वर्षांत मी चोवीस बाटल्या चाखल्या आणि त्यातल्या पाचच पुन्हा घ्याव्याशा वाटल्या. एकटीने चोवीस खंबे आणले असते तर आमचा केकचा कारखानाच निघाला असता.

चाखायची रीत मी कारखान्यातूनच उचललीय. नाव झाकायचं. ग्लासांच्या बुडाला नेलपॉलिशचे ठिपके लावायचे, कुठला ठिपका कुणाचा ते एकानेच लिहून ठेवायचं. धुराची व्हिस्की शेवटी, नाहीतर पुढचं काही कळत नाही. ग्लासात नाक खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून लांबून वास घ्यायचा. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचा. हसू नका, आमच्याकडे सगळे तेच करतात. आधी नुसती, मग चमचा-चमचा पाणी घालून. पाणी फिल्टरचं, कारण नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास आला की संपलं. बर्फ तेव्हा नको, गारठ्याने वास दबतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात गच्चीवर बसाल तेव्हा खुशाल घाला, तेव्हा परीक्षा नसते. चकणा नंतर, आणि लसणीची चटणी तर सगळ्यात शेवटी.

पन्नाशीच्या भावजींचं राहिलं. त्यांना पुरणपोळीवर दूध हवं असतं, आणि धूर? "छे, उदबत्तीनेसुद्धा शिंका येतात त्यांना." मी निर्वाणा सांगितली. तिने ती घेतली की दुकानदाराने सांगितलेली चकचकीत डब्यातली, ते कळलं नाही, पण परवा जिन्यात भावजी मला पाहून फारच अदबीने बाजूला झाले.

येत्या शनिवारी भिशी आमच्याकडे आहे. या खेपेची बाटली धुराची, मीच निवडलेली. बोंबील भाजायचेत. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना आधीच सांगून ठेवलंय, काकू, सातनंतर तेवढ्या खिडक्या लावून घ्या.