तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लेअर घरी करायचे, तर कशाचे?

"रुंद टायर घातले, आता चाकं बॉडीबाहेर डोकावतायत. चिखल थेट दारावर आणि आरशावर उडतो. विकतचे फ्लेअर परवडत नाहीत. घरी कशाचे करता येतील?" फोर-बाय-फोर बाळगणारे हा प्रश्न वारंवार विचारतात. फ्लेअर म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या गोल कडेला, म्हणजे कमानीला, लावायची पट्टी; ती बाहेर आलेला टायर झाकते. माझं उत्तर ठरलेलं आहे: खडी क्रशरच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फ्लेअर टायर झाकतो, टायरला जागा करून देत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर टायर कमानीच्या कडेला घासत असेल, तर ते दुखणं वेगळं आहे. ते फ्लेअरने झाकलं तर पहिल्याच घाटात फ्लेअर फाटून हातात येईल.

किती झाकायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. 205 मि.मी. रुंदीच्या जागी 235 चा टायर घातला की रुंदी 30 मि.मी. वाढते, त्यातली निम्मी, म्हणजे 15, बाहेरच्या बाजूला येते. नव्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती हबला जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर) जुन्यापेक्षा 20 मि.मी. कमी असेल तर चाक आणखी 20 ने बाहेर सरकतं. झाले 35. तरी खात्रीसाठी चाकं सरळ ठेवून टायरच्या बाहेरच्या अंगाला एक सरळ फळी उभी टेकवा आणि कमानीच्या कडेपासून फळीपर्यंतचं अंतर मोजा. त्यात 15 मि.मी. मिळवा. 35 ला 50 चा फ्लेअर पुरतो. 75 च्या पुढे गेलात तर एप्रिल-मेच्या उन्हात रबर मान टाकतं.

आता बेल्ट. भंगारवाल्याकडे तो बहुधा किलोवर मिळतो. आत कापडाचे थर असलेला, 6 मि.मी. जाडीचा घ्या. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा: चिकटला तर आत पोलादी तारा आहेत, तो तुकडा तिथेच सोडा, कारण तो घरी कापला जाणार नाही आणि कापलाच तर कडेच्या तारा माणसाला ओरबाडतील. 235/75 आर 15 टायरची उंची 734 मि.मी. भरते. त्याभोवतीची कमान 850 मि.मी. व्यासाची धरली तर अर्धवर्तुळ 1335 मि.मी. होतं. म्हणजे एका चाकाला 1.4 मीटर. बाहेर 50 आणि आत कडेखाली 15 ते 20 धरून पट्टी 70 मि.मी. रुंद कापायची. चार चाकांना दीड मीटर लांब, 300 मि.मी. रुंद एवढा एकच तुकडा पुरतो. बेल्ट नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातली कापड घातलेली इन्सर्शन रबर शीट चालते. नुसतं साधं रबर मात्र नको, ते बोल्टच्या भोकातून फाटत जातं.

सगळी मेख पट्टी बसवण्याच्या दिशेत आहे. गोल गळ्याला सरळ कापड शिवायला गेलं तर चुण्या पडतात. फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या बॉडीच्या भागाच्या, बाहेरच्या पत्र्यावर सरळ पट्टी चपटी बसवायला गेलं की तेच होतं. तिथे कमानीच्या आकाराची पट्टी कापावी लागते आणि निम्मा माल वाया जातो. त्याऐवजी पत्र्याची जी कडा आत वळवलेली असते, तिच्या खाली, म्हणजे टायरच्या बाजूने, पट्टी लावा. तिथे ती पिंपावरच्या कड्यासारखी आपोआप गोल वळते आणि त्या गोलाईमुळेच ताठ राहते. ज्या गाडीला अशी वळवलेली कडाच नाही, तिला ही युक्ती लागू नाही.

कापताना धारदार सुरी आणि साबणाचं पाणी वापरा, लोखंडी पट्टी धरून चार-पाच वेळा सुरी ओढा. भोकं ड्रिलने पाडू नका, कापडाचे धागे बिटला गुंडाळतात; पोकळ पंच आणि हातोडी बरी. कापलेल्या कडांवर रबर सोल्युशनचा हात फिरवा, नाहीतर कापड पावसाळाभर पाणी पीत राहतं आणि थर सुटतात.

रबराखाली 20 × 3 मि.मी.ची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी द्यायची, म्हणजे पत्रा वर, मध्ये रबर, खाली अ‍ॅल्युमिनियम. ती वगळली की दोन बोल्टच्या मध्ये रबर फुगतं आणि कडेला लाटा दिसतात. बोल्ट दर 100 मि.मी.वर, एका कमानीला 14. पुढच्या फेंडरला वरून हात जातो, तिथे स्टेनलेसचे एम 5 × 20 (5 मि.मी. जाड, 20 मि.मी. लांब) बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, ढिले न होणारे नट. बोल्टचं डोकं गोल आणि टायरकडे, शेपूट वर. उलटं लावलं तर दबलेला टायर बोल्टच्या टोकावर घासेल. मागच्या कमानीला बहुतेक गाड्यांत दोन पत्रे एकमेकांना वेल्ड केलेले असतात, वरची पोकळी बंद असते, नट लावायला वाव नाही. तिथे एकाच बाजूने बसवता येणारे 4.8 मि.मी.चे पॉप रिव्हेट. एकूण जाडी 11 मि.मी.च्या आसपास भरते, म्हणून 18 मि.मी. लांबीचे घ्या.

भोक पाडण्यापूर्वी मागे काय आहे ते पाहा. मागच्या एका कमानीच्या वर डिझेल-पेट्रोल भरायची नळी जात असते, कुठे वायरिंगही असतं. बिटवर पाइपचा छोटा तुकडा चढवून फक्त टोक बाहेर ठेवलं की बिट खोल जात नाही. प्रत्येक भोकाच्या उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर लावायचाच. वर सीलंट पॉलियुरेथेनचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्लच उघडा पत्रा गंजवतं. मागच्या कमानींचं गंजणं अशा एखाद्या भोकापासूनही सुरू होतं.

बसवायची सुरुवात कमानीच्या माथ्यापासून. मधला बोल्ट, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. एका टोकाकडून निघालात तर शेवटी बोटभर जादा पट्टी उरते आणि ती कुठेतरी फुगवून बसवावी लागते. सगळे बोल्ट आधी ढिले ठेवा, दार पूर्ण उघडून पट्टीचं टोक आड येत नाही ना ते बघा, मगच आवळा. साधारण 500 कि.मी.नंतर रबर दबून बसतं, तेव्हा पुन्हा एकदा पाना फिरवा.

फायबरचे का नाहीत, असा पुढचा प्रश्न असतोच. होतात. 450 ग्रॅमच्या मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) तीन थर, चार कमानींना सव्वा किलो मॅट आणि तीन किलोच्या आत-बाहेर रेझिन. पण साचा करण्यात दिवस जातात, दमट हवेत रेझिन चिकट राहतं, आणि झाडाला घासलं की तडा. रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो, हे तर दुकानदारही दरवेळी सांगत नाही. निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचा मोह आवरा: त्याच्यावर ना रंग टिकतो ना चिकटपट्टी, आणि त्याची गोलाई चाकाच्या कमानीपेक्षा बरीच लहान असते.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीचे नोंदणीतले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि त्यात रुंद टायर फ्लेअरच्या आधी नजरेत येतात. पुढच्या पट्ट्या बोल्टवर आहेत, अर्ध्या तासात उतरतात. मागचे रिव्हेट ड्रिलने काढावे लागतील.