राउटरमध्ये पडून राहिलेले तीन एसएमएस

सोमवारी सकाळी पावणेनऊला गुहागर तालुक्यातून फोन आला. आमच्या क्लेम विभागातल्या मॅडम गेली काही वर्षं तिथल्या घरून काम करतात. गावात फायबर पोचलेलं नाही, म्हणून कंपनीने त्यांना फोरजी राउटर आणि स्टॅटिक आयपीचं, म्हणजे इंटरनेटवर कायम एकच पत्ता असलेलं, सिम दिलेलं आहे. "सर, क्लायंटची स्क्रीन उघडायलाच चार मिनिटं लागतायत. टॉवर तर पूर्ण दाखवतोय. राउटर बंद करून चालू करू का?"

मी म्हणालो, "नका करू. दोन मिनिटं थांबा." टॉवर पूर्ण असताना गती मेली असेल, तर कोणीतरी लाइन भरून टाकलेली असते. ती कोणी भरली याचा पुरावा राउटरच्या मेमरीत असतो आणि बटण दाबलं की तो पुसला जातो.

मोबाइल कंपनीचं कॉर्पोरेट पोर्टल उघडलं. या सिमचा प्लॅन महिन्याला ५० जीबीचा, त्यापुढे प्रत्येक एमबीला १० पैसे, म्हणजे जीबीला १०२ रुपये ४० पैसे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ३१ जीबी वापर झाला होता, महिन्याच्या त्या तारखेला तो नेहमीसारखाच. शुक्रवारी रात्री दहापासून सोमवारी सकाळी नऊपर्यंत मात्र २१४ जीबी गेले होते. ५९ तास, सरासरी सेकंदाला ८ मेगाबिट, मध्ये कुठेही खंड नाही. माणसाच्या वापराला चढउतार असतो. तो जेवतो, झोपतो. हा आलेख टेबलासारखा सपाट होता.

घरून काम करणाऱ्याचा डेटा अचानक वाढला की संशयित बहुतेक वेळा तेच निघतात: लॅपटॉपवर विंडोजचं मोठं अपडेट, वनड्राइव्हने नव्याने सुरू केलेलं सिंक, घरातल्या मोबाइलमधल्या फोटोंचा बॅकअप, किंवा कोणी त्याच वायफायला जोडलेला सीसीटीव्ही कॅमेरा. व्हिडिओ कॉलवर लोक उगाच संशय घेतात. १ मेगाबिटचा कॉल तासाला ४५० एमबी खातो, म्हणजे दिवसाचे सहा तास बोललं तरी पावणेतीन जीबीच्या आत. त्या हिशेबाने २१४ जीबी होणं अशक्य.

मॅडमना राउटरच्या पानावरचे दोन आकडे वाचायला सांगितले, टीएक्स आणि आरएक्स. पाठवलेला २०९ जीबी, आलेला ९ जीबी. (मोजणी गुरुवारपासूनची होती, वीज गेली होती तेव्हापासूनची.) इथे माझी खात्री पटायला लागली. क्लेमचं काम म्हणजे कागद उघडून बघणं, त्यात येणारा डेटा जास्त आणि जाणारा थोडा. इथे चित्र पूर्ण उलटं होतं. मग त्यांना म्हटलं, "आता वायफाय बंद करा, टीएक्सचा आकडा लिहून घ्या, लॅपटॉपची केबल अर्धा मिनिट काढा आणि परत जोडून आकडा बघा." मिनिटभराने त्या म्हणाल्या, "सर, काहीच जोडलेलं नव्हतं, तरी आकडा पळालाय." म्हणजे घरातलं कुठलंही यंत्र दोषी नव्हतं. राउटर स्वतःच बोलत होता.

ऑफिसमधून त्या राउटरपर्यंत आमचा बोगदा आहे, व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी पण फक्त आमची अशी सुरक्षित वाट. अपलोड भरल्यामुळे पिंग, म्हणजे प्रतिसाद यायला लागणारा वेळ, ९०० मिलिसेकंदांवर गेला होता, पण आत शिरता आलं. कनेक्शनची यादी उघडली आणि ओळी संपेचनात. सगळ्या यूडीपी पद्धतीच्या (यात पाठवणाऱ्याची खातरजमा होत नाही), सगळ्या आमच्या पत्त्याच्या ५३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्या सेवेच्या खिडकीवर, आणि विचारणारे पत्ते मात्र मोजून सहा-सात. ५३ म्हणजे डीएनएस, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. ही सेवा राउटरने फक्त घरातल्या यंत्रांना द्यायची असते. हा राउटर ती साऱ्या जगाला देत होता. खात्रीसाठी माझ्या मोबाइलवरून, वेगळ्या कंपनीच्या सिमवरून, त्याला एक नाव विचारलं. उत्तर लगेच आलं, जे यायलाच नको होतं.

यालाच डीएनएस अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. हल्लेखोर पाठवणाऱ्याच्या जागी आपल्या सावजाचा पत्ता खोटा घालून प्रश्न विचारतो. प्रश्न ६४ बाइटचा, पण असा निवडलेला की उत्तर २,६०० बाइटच्या आसपास यावं. ते उत्तर जातं सावजाकडे. आमचा राउटर सेकंदाला पावणेचारशे ते चारशे अशी उत्तरं पाठवत होता. जवळपास ४० पट वाढ, आणि डीएनएसच्या बाबतीत २८ ते ५४ पट वाढ होते हे माहीतच आहे. एकट्या राउटरचे ८ मेगाबिट किरकोळ वाटतात, पण असे हजारो एकत्र केले की कोणाची तरी सेवा बंद पडते. खोट्या पत्त्याची पाकिटं उगमापाशीच अडवावीत ही शिफारस २००० सालापासून लिहिलेली आहे. ती सगळीकडे पाळली जात नाही, म्हणून हे अजून चालतं.

आता प्रश्न होता की हा राउटर उघडा राहिला कसा. मॅडमचा जुना राउटर विजेच्या कडकडाटात जळला होता आणि नवा १२ दिवसांपूर्वी पाठवला होता. घाईत त्यात एका शाखेच्या राउटरची सेटिंगची फाइल उतरवली गेली. शाखेत इंटरनेट केबलने येतं, त्यामुळे तिथला फायरवॉलचा, म्हणजे आत काय येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचा, नियम म्हणतो की पहिल्या केबल-पोर्टवरून बाहेरचं जे काही येईल ते टाकून दे. घरच्या राउटरमध्ये इंटरनेट सिममधून येतं आणि त्या पोर्टचं नाव वेगळं असतं. नियम जागेवर होता, चालूही होता, पण ज्या दाराला कोणी येत नव्हतं त्या दारावर उभा होता. शिवाय नेहमीच्या सिमला मोबाइल कंपनी सामायिक पत्त्याआड ठेवते, बाहेरून सरळ कोणी पोचत नाही. स्टॅटिक आयपीला ती आड नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते चांगल्या लाइनवरून तासाभरात चाळता येतात, हे २०१३ मध्येच दाखवून झालं आहे. १२ दिवस म्हणजे पुष्कळच.

बंद करण्याआधी कनेक्शनची यादी, लॉग म्हणजे राउटरने ठेवलेल्या नोंदी, आणि दोन मिनिटांचं पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची जशीच्या तशी प्रत, उतरवून घेतलं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे राउटरवरचा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. आमच्या लक्षात आलं ते ९.५० ला. म्हणजे दुपारी ३.५० ची मुदत होती. वेळ, पत्ता, प्रकार आणि केलेली कारवाई लिहून आम्ही ते १२.४० ला पाठवलं.

नियम लिहिताना क्रम चुकला तर आपणच बाहेर राहतो, आणि पुण्याहून गुहागर म्हणजे कुंभार्ली घाट उतरून अख्खा दिवस. म्हणून आधी राउटर सेफ मोडमध्ये घेतला, म्हणजे संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे फिरतात. मग वरून खाली असा क्रम लावला: आधीपासून चालू असलेली संभाषणं येऊ दे, ऑफिसच्या बोगद्यातून येणारं येऊ दे, घरच्या यंत्रांकडून येणारं येऊ दे, बाकी सगळं टाक. 'अमुक दारातून येणारं टाक' असा नियम लिहायचा नाही, 'घरचं नसेल ते टाक' असा लिहायचा. मग दाराचं नाव बदललं तरी फरक पडत नाही. आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचे, नियम वेगळे लिहावे लागतात. तिथे सामायिक पत्त्याची आड नसते आणि ते हमखास विसरलं जातं.

टीएक्स क्षणात खाली आला. आरएक्स मात्र २०० किलोबिटच्या आसपास तसाच राहिला. आपण उत्तर देणं थांबवलं तरी प्रश्न येतच होते. फायरवॉल त्यांना राउटरमध्ये टाकून देतो, पण तोपर्यंत ते टॉवरवरून उतरलेले आणि मोबाइल कंपनीच्या मीटरवर मोजलेले असतात. २०० किलोबिट दिवसभर म्हणजे २ जीबीहून जास्त, रोजचे सव्वादोनशे रुपये, तेही टाकून दिलेल्या कचऱ्याचे. यावर राउटरमध्ये उपाय नाही. पत्ताच सोडावा लागतो.

पण मुळात तो पत्ता घेतलाच कशाला होता? जुन्या ईमेल काढल्या तेव्हा मार्च २०२० सापडला. क्लायंट ठराविक पत्त्यांवरूनच आत घेतो आणि आमच्या व्हीपीएनचा परवाना तेव्हा एका वेळी ५० माणसांचाच होता. लॉकडाउनच्या घाईत ११ जणांना स्टॅटिक आयपीची सिमं दिली आणि ११ पत्ते क्लायंटच्या यादीत घातले. पुढे व्हीपीएन वाढवलं, ऑफिसचा पत्ता त्या यादीत आधीपासून होताच, तरी ही सिमं परत घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. गरज संपल्यावरही आपण दोन्हीकडून मोजत होतो, भाडं म्हणून आणि धोका म्हणूनही.

त्या दुपारीच मॅडमचं सिम साध्या प्लॅनवर हलवायला सांगितलं. यात एक अडचण असते. स्टॅटिक आयपीचं एपीएन, म्हणजे सिमने मोबाइल कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जायचं त्याचं नाव, वेगळं असतं. मोबाइल कंपनीने बदल केला आणि राउटरमध्ये जुनंच नाव राहिलं तर डेटा सुरूच होत नाही, आणि मग दुरून आत शिरायची वाटही उरत नाही. म्हणून मॅडमनी लॅपटॉप स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर ठेवला, विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड म्हणून नोंदवलं म्हणजे अपडेटं मध्येच डोकं वर काढणार नाहीत, आणि बदल झाल्याचा निरोप आल्यावर एपीएन स्वतःच्या हाताने टाइप केलं. राउटरला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळाला, सामायिक पत्त्यांच्या राखीव गटातला. आता बाहेरून थेट कोणी येऊ शकत नव्हतं. व्हीपीएन असं लावलं की फक्त क्लायंटची रहदारी ऑफिसमार्गे जावी, बाकी सरळ. सगळंच ऑफिसमार्गे वळवलं तर ऑफिसची लाइन विनाकारण भरते.

संध्याकाळी राउटर तपासताना आतली एसएमएसची पेटी उघडली. मोबाइल कंपनीने तिचं काम केलं होतं. ५० टक्के वापराचा एसएमएस आठवड्याभरापूर्वीचा. ८० टक्क्यांचा शुक्रवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला. १०० टक्क्यांचा पहाटे सव्वातीनला. तिन्ही त्याच सिमच्या नंबरवर, म्हणजे एका डब्याच्या आत, जिथे वाचायला माणूस नाही. शनिवारी पहाटे कोणी वाचला असता तर जादा बिल शून्य झालं असतं. आता १९५ जीबींचे १९,९६८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, साडेतेवीस हजार. क्रेडिट लिमिट होती, पण ती पूर्ण खात्याला होती, एकेका नंबरला नव्हती. १२६ नंबरांच्या खात्यात एका नंबरचं पाणी असं सहज मुरतं.

दुसऱ्या दिवशी उरलेली १० सिमं काढली. तीन राउटर त्याच फाइलवरून केलेले, तसेच उघडे, फक्त अजून कोणाच्या नजरेस न पडलेले. दोन सिमं कपाटात, चालू, दरमहा भाडं भरत असलेली. ती बंद केली आणि बाकीची साध्या प्लॅनवर नेली. सूचनांचे एसएमएस आता खात्याच्या दोन माणसांच्या नंबरवर येतात, आणि टक्क्यांवर न विसंबता रोजच्या वापराची मर्यादाही लावली: घरून काम करणाऱ्याला दिवसाला ५ जीबी. महिन्याच्या टक्केवारीला शुक्रवारची रात्र कळत नाही, रोजच्या आकड्याला दीड तासात कळली असती. राउटरमधलं सिम त्या राउटरच्या आयएमईआयला, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकाला, बांधून घेतलं, म्हणजे काढून फोनमध्ये घातलं तर चालणार नाही. सिमला पिनही लावला, पण तो राउटरमध्ये आधी साठवूनच. वीज गेल्यावर राउटर तीनदा चुकीचा पिन देत बसला तर सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा वेगळा कोड, मागतं आणि त्यासाठी घाट उतरावा लागतो.

एक काम अजून उरलं होतं. सोडलेला पत्ता मोबाइल कंपनीच्या साठ्यात परत जाणार आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळणार. त्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून आमच्या पत्त्यावर येणारे प्रश्न झेलावे लागतील, तेही मोजलेल्या दराने. म्हणून तो पत्ता काही आठवडे कोणालाच देऊ नये, असं कॅप्चरची फाइल जोडून त्यांना लेखी कळवलं. पोच आली आहे.