'आमच्याकडून जातोय, सर'

नेटवर्कच्या कामात 'आमच्याकडून रूट जातोय, सर' या वाक्याइतकं बिनकामाचं वाक्य नाही. त्या रविवारी आम्ही सगळे सकाळपासून ते एकमेकांना ऐकवत होतो. हैदराबादचा इंजिनियर मला, मी अपस्ट्रीमच्या, म्हणजे आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या, एनओसीला (नेटवर्क सांभाळणाऱ्या कक्षाला) आणि एनओसीवाला परत मला. गंमत म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी एक कंपनी. मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईत, डीआर, म्हणजे आपत्तीत चालवायचं पर्यायी सेंटर, हैदराबादला. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर नेटवर्कची ओळख) आणि स्वतःचा /२२, म्हणजे १०२४ आयपी पत्ते. वर्षातून एकदा डीआर ड्रिल करावंच लागतं. त्याचा बेत साधा होता: नवी मुंबईतून /२२ बीजीपीत, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना वाटा (रूट) कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, जाहीर होतच राहील, आणि त्यातल्या ज्या /२४ मध्ये (२५६ पत्त्यांच्या तुकड्यात) अ‍ॅप्लिकेशनचे सर्व्हर आहेत तेवढा हैदराबादहून वेगळा जाहीर करायचा. राउटर नेहमी जास्त नेमका प्रीफिक्स, म्हणजे पत्त्यांचा लहान गट, धरतो, म्हणजे जगभरातला ट्रॅफिक आपोआप हैदराबादकडे वळायला हवा. आयपी तोच, त्यामुळे डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेला, हातही लावायचा नाही.

नवी मुंबईतलं अ‍ॅप्लिकेशन बंद केलं, हैदराबादचं चालू केलं, /२४ सोडला. थोड्याच वेळात फोन सुरू झाले. साताऱ्यात लॉगिन होतंय, नाशिकला नुसतं चक्र फिरतंय. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात एकाच टेबलावर दोन मोबाइल ठेवले, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. एकावर साइट खटकन उघडली, दुसऱ्यावर टाइमआउट.

"डीएनएस असणार," त्यांचे आयटी हेड म्हणाले. काहीही बिघडलं की आधी डीएनएसवर बिल फाडायचं, ही आपली जुनीच रीत.

"साहेब, दोन्ही फोनला आयपी एकच मिळतोय. डीएनएस नाही."

आधी घरचं तपासलं. बीजीपीत 'नेटवर्क' ओळीत लिहिलेला प्रीफिक्स राउटिंग टेबलात जसाच्या तसा, त्याच मास्कसकट (/२४ तर /२४च), असावा लागतो, नाहीतर राउटर तो बाहेर सोडत नाही. म्हणून नल-झीरोकडे, म्हणजे कुठेच न जाणाऱ्या इंटरफेसकडे, हाताने लिहिलेला एक स्टॅटिक रूट ठेवतात. तो जागेवर होता. काय बाहेर सोडायचं ते ठरवणाऱ्या रूट-मॅपमध्ये /२४ होता. अपस्ट्रीमवाले ज्यावरून फिल्टर बनवतात तो रूट ऑब्जेक्टही (रूटची जाहीर नोंद) होता. हैदराबादच्या राउटरवर 'ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स' ही कमांड देऊन पाहिलं, दोन्ही अपस्ट्रीमकडे /२४ जाताना दिसत होता.

आणि इथेच माणूस फसतो. बीजीपी शेजाऱ्याशी टीसीपीच्या १७९ पोर्टवर बोलतो. अपडेटचे बाइट पोचल्याची पावती टीसीपी देतं, पण तो रूट शेजाऱ्याने टेबलात घेतला की कचऱ्यात टाकला, हे बीजीपी कधीच सांगत नाही. नकार कळवण्याची सोयच नाही. ती कमांड फक्त आपण काय बोललो ते दाखवते.

मग ट्रेसरूट घेतले. चालणाऱ्या फोनवरून वाट सरळ हैदराबादला. न चालणाऱ्या फोनवरून ती नवी मुंबईत येऊन थांबत होती, जिथे अ‍ॅप्लिकेशन आम्हीच बंद केलं होतं. म्हणजे त्या कंपनीच्या राउटरांना फक्त /२२ माहीत होता.

"पण मागच्या वर्षी हेच ड्रिल, हेच राउटर, हाच /२४. तेव्हा कसं चाललं?" आयटी हेडांचा प्रश्न रास्त होता. मी उलट विचारलं, मधल्या काळात काय बदललं? काहीच नाही म्हणे. हे उत्तर मी कधीच मान्य करत नाही.

लॅपटॉपवर राइपस्टॅट, ही कुठला रूट कुणाला दिसतो ते दाखवणारी साइट, उघडून /२४ टाकला. जगभरातल्या मोजक्याच नेटवर्कांना तो दिसत होता. आणि आरपीकेआयच्या, म्हणजे रूट जाहीर करायचा हक्क डिजिटल सहीवरून तपासण्याच्या पद्धतीच्या, रकान्यात शेरा होता: इनव्हॅलिड.

ते पाहून कोडं सुटलं. सिक्युरिटी ऑडिटरच्या सांगण्यावरून काही महिन्यांपूर्वी कुणीतरी रजिस्ट्रीच्या (आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलवर रोआ बनवला होता. रोआ म्हणजे सही केलेलं प्रमाणपत्र: हा प्रीफिक्स जाहीर करायचा हक्क या एएस नंबरला. त्यात 'मॅक्स लेंग्थ' नावाचा एक रकाना असतो, किती लहान तुकड्यापर्यंत जाहीर करता येईल ते सांगणारा. तो रिकामा सोडला तर /२२ म्हणजे फक्त /२२, त्याच एएसने सोडलेला /२४ सुद्धा इनव्हॅलिड. मागच्या वर्षी रोआच नव्हता, तेव्हा शेरा 'नॉट फाउंड' असायचा आणि तसे रूट सगळेच घेतात. आता मात्र जी नेटवर्कं रोआ तपासतात त्यांनी आमचा /२४ टाकून दिला. जी तपासत नाहीत त्यांच्याकडे चालला. हैदराबादच्या दोन अपस्ट्रीमपैकी एक तर तो घेऊन स्वतःच अडवत होता. त्यांचा एनओसीवाला 'मिळतोय' म्हणत होता, तेही खरंच.

टाकून देणाऱ्यांना दोष देता येत नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ जाहीर केला. तो यूट्यूब देशापुरतं अडवण्यासाठी होता, पण बाहेर निसटला आणि जगभरात यूट्यूब सुमारे दोन तास कोलमडलं. असले प्रकार अडवण्यासाठीच ही तपासणी आहे. आमचा /२४ बाहेरून पाहणाऱ्याला अगदी तस्साच दिसत होता.

दुरुस्ती पोर्टलवर पाच मिनिटांची. पण पोर्टलचा लॉगिन कुणाकडे? नूतनीकरणाचं बिल अकाउंट्सला जातं, म्हणून नोंदलेला ईमेल आणि मोबाइल अकाउंट्सच्या मॅडमचा. आणि मॅडम भाचीच्या साखरपुड्यात.

"मॅडम, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"अहो, कसला ओटीपी? फ्रॉड नाही ना?" शंका घेतली ते बरंच केलं म्हणायचं. शेवटी आयटी हेडांनी स्वतः फोन घेतला, तेव्हा सनईच्या आवाजातून सहा आकडे आले.

त्यांचा ॲडमिन म्हणाला, "मॅक्स लेंग्थ २४ करून टाकू, कटकट मिटेल." मी हात धरला. तसं केलं तर /२२ मधला आपण न वापरलेला कुठलाही /२४, आपला एएस नंबर खोटा लावून, कुणीही जाहीर करावा आणि तो व्हॅलिड ठरावा. २०२२ च्या आरएफसी ९३१९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही शक्यतो मॅक्स लेंग्थ वापरू नका असंच सांगितलंय. आम्ही त्या एकाच /२४ साठी वेगळा रोआ केला.

नवा रोआ लगेच लागू होत नाही. एकेका नेटवर्कचा व्हॅलिडेटर (रोआ तपासणारा प्रोग्रॅम) आपल्या वेळेने तो उचलतो. आम्ही चहा मागवून राइपस्टॅट रिफ्रेश करत बसलो. नाशिकचा फोन आला तेव्हा दुसऱ्या सिमवरही लॉगिनचं पान उघडलं होतं.

पुढच्या आठवड्यात मांडणी बदलली. तो /२४ आता एरवीही नवी मुंबईतून जाहीर असतो, म्हणजे रोआ आहे पण रूट नाही अशी मोकळी जागा राहत नाही. ड्रिलच्या वेळी तिथून काढायचा आणि हैदराबादहून सोडायचा. पोर्टलवर नेटवर्क टीमचा वेगळा लॉगिन झाला. ड्रिलच्या अहवालात मात्र कारण म्हणून 'आयएसपी इश्यू' लिहिलं गेलं. मी दुरुस्ती सुचवली आहे, अजून सही व्हायची आहे.