नवव्या अंकाची अडलेली ओळ

एक समकालीन कविता आणि तिचे सविस्तर रसग्रहण एवढाच ऐवज असलेला आपला घरगुती अंक या वेळी श्रावण उलटला तरी निघाला नाही, कारण कविता पानात बसत नव्हती. ती आता बसली आहे, म्हणून हा वृत्तान्त.

कविता सिंधुदुर्गातील एका कवयित्रीची आहे आणि विषय आहे खाडीतला वाळूउपसा. वाचताना दम लागावा अशा पन्नास-पंचावन्न अक्षरांच्या ओळी एकामागून एक येतात आणि मध्येच तीन शब्दांच्या एका ओळीवर वाचकाला थांबावे लागते. माझ्या रसग्रहणाच्या टिपणाचा सारा भर त्या थांबण्यावर आहे. ए-फोर कागद नेहमीसारखा मधोमध दुमडला की पानाची रुंदी १४८ मिलिमीटर होते, समास वजा जाता ११५ उरतात. ११ पॉइंटात लांब ओळ तेवढ्यात मावत नाही आणि तिचे शेवटचे दोन-तीन शब्द खाली उतरतात. मग कवयित्रीने योजलेली आखूड ओळ कोणती आणि जागेअभावी गळून पडलेला तुकडा कोणता, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

वृत्तबद्ध कवितेला ही धास्ती नाही. मालगुंडच्या केशवसुतांनी मराठीत रुजवलेले सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, घ्या: शार्दूलविक्रीडिताची ओळ १९ अक्षरांची, आणि छापताना ती मोडली तरी कान तिचा शेवट शोधून काढतो. मुक्तछंदात ओळीचा शेवट राखणारे दुसरे कोणी नाही, ते काम कागदालाच करावे लागते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अरुंद स्तंभाच्या मापाने कापलेल्या कविता वाचून आजची कविता गद्यप्राय झाली आहे असा निवाडा देणाऱ्यांनी मूळ संग्रहातील पान एकदा शेजारी ठेवून पाहावे, असे माझे मत या खटाटोपात अधिकच पक्के झाले.

उपाय बरेच करून पाहिले. टंक ९ पॉइंटावर आणला, तर घरच्या प्रिंटरवर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळले. उरलेले शब्द आत सरकवून छापावेत, हा रूढ संकेत येथे चालेना, कारण खाडी स्वतः बोलू लागते त्या ओळी कवयित्रीने मुद्दामच आत सरकवल्या आहेत. चौकटी कंस लावून पाहिले, तर ते संपादकाने केलेल्या दुरुस्तीसारखे दिसू लागले.

वाट दाखवली ती पोथीने. श्रावणात शेजारच्या घरी वाचन चालू असताना ते आडवे, वरच्या बाजूला उलटायचे पान समोर होते, आणि तोच ए-फोर कागद उभा धरून आडवी घडी घातली तर पान २१० मिलिमीटर रुंद होते हे तेथेच ध्यानात आले. समास वजा जाता १८० उरतात आणि सर्वांत लांब ओळही अखंड राहते! शिलाई वरच्या कडेला येते. आठ पानांसाठी बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला वर ८ व खाली १, दुसऱ्या बाजूला वर २ व खाली ७. आतल्या कागदाला ६ व ३, मग ४ व ५. दुहेरी छपाईत कागद आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर मागची बाजू उलटी छापली जाते.

टंक म्हणून तिरो देवनागरी मराठी कायम ठेवला आहे. पडद्यावर ‘मुक्त’ हा टंक छान दिसतो, पण कागदावर कवितेला तिरोचा ल आणि श अधिक शोभतो. कागदाबाबत मात्र गावातील एका दुकानदाराने फोडलेले रीम पावसाळी हवेत उघडेच ठेवून माझ्या गळ्यात मारले, आणि ते प्रिंटरमध्ये सतत अडकते. पावसात बंद रीमच घ्यावे, मग चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

एक नवी अडचण म्हणजे १८० मिलिमीटरची ओळ गद्याला फार लांब पडते. त्यासाठी टिपण दोन स्तंभांत लावायचे ठरवले होते आणि अर्धे लावूनही झाले. पण हे लिहिता लिहिता त्याहून मोठा बदल सुचतो आहे. अंक वर उलटत वाचायचा असल्याने उघडलेली दोन पाने एकाखाली एक येतात. मग कविता २, ४ आणि ६ या वरच्या पानांवर आणि टिपण ३, ५ आणि ७ या खालच्या पानांवर का नसावे? पान न उलटता वाचकाला टिपणातले विधान कवितेवर पडताळून पाहता येईल. त्यासाठी टिपणाचा क्रम फिरवावा लागेल. ती तीन शब्दांची ओळ चौथ्या पानाच्या तळाशी येते, म्हणून तिची चर्चा पाचव्याच्या आरंभी हवी. सध्या ती अगदी शेवटी आहे आणि तिच्या आधीचे दोन परिच्छेद तिच्याच प्रस्तावनेत खर्ची पडले आहेत. ते बहुधा काढूनच टाकीन.