डिस्क बदलण्यापुरताच माणूस लागावा

लग्न, मुंज, साठीशांत अशा घरगुती समारंभांच्या डीव्हीडी आणि एके काळी हौसेने विकत घेतलेल्या नाटकांच्या व्हीसीडी आज बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो आणि जुना प्लेअर बिघडला की तो दुरुस्त करून देणारा सहजी सापडत नाही. त्यामुळे बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह आणून मी आमच्या आणि नातेवाइकांच्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवण्याचे काम हाती घेतले आहे. डीव्हीडीतले चित्र आणि आवाज जसेच्या तसे एमकेव्ही फाइलमध्ये भरण्यासाठी मेकएमकेव्ही आणि त्या फाइलचा आकार आटोक्यात आणण्यासाठी हँडब्रेक, अशी ही सर्वपरिचित जोडी आहे. हँडब्रेक २००३ पासून चालत आलेला आहे, मात्र त्याची १.० आवृत्ती यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या कामात तरबेज आहेत. माझ्या सूचना आहेत त्या, काम चालू असताना माणसाला जे ताटकळत बसावे लागते त्याविषयी.

सोय कशी असावी याचा नमुना हँडब्रेकमध्येच आहे. जुने लग्नाचे शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचे असले तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची मिळून बनलेली असते, म्हणून संगणकाच्या पडद्यावर हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेक असे दाते असलेल्या फ्रेम स्वतः शोधतो, तेवढ्याच दुरुस्त करतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. त्यासाठी कुणाला काही विचारत नाही, हे विशेष. बाकीची कामेही याच रीतीने व्हावीत, इतकीच अपेक्षा आहे.

पहिली सूचना विचारण्याच्या वेळेविषयी आहे. डीव्हीडीत ९९ पर्यंत टायटल, म्हणजे व्हिडिओचे स्वतंत्र भाग, असू शकतात आणि मेकएमकेव्ही १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल मुळातच वगळतो, ते बरेच आहे. पण एकाच लग्नाच्या चार डिस्क असल्या, तर पहिल्या डिस्कला दिलेली उत्तरे दुसरीला आपोआप लागू व्हायला हवीत. कोणते टायटल घ्यायचे, फाइल कुठे ठेवायची, नाव काय द्यायचे हे एकदा विचारावे आणि मग डिस्क संपली की ट्रे बाहेर यावा, नवी घातली की काम पुढे सुरू व्हावे. लिनक्सवरील ऑटोमॅटिक रिपिंग मशीन या मुक्त प्रकल्पात डिस्क घालताच काम सुरू होते आणि झाले की ट्रे उघडतो. परंतु तो बसवण्यासाठी कमांड लिहिण्याची सवय लागते, ती आमच्या काकांना नाही आणि असावी अशी अपेक्षाही नाही. नावाचा प्रश्न तर अधिकच चमत्कारिक आहे. डिस्कच्या मूळच्या लेबलात ३२ अक्षरे मावतात, तीही रोमन मोठ्या लिपीतली, आणि स्टुडिओवाल्याने बहुधा प्रत्येक डिस्कला ‘डीव्हीडी व्हिडिओ’ असेच लेबल दिलेले असते. संचाचे नाव देवनागरीत एकदा टंकावे आणि पुढचे क्रमांक सॉफ्टवेअरने घालावेत, यात अवघड असे काही दिसत नाही.

खरा वेळ जातो तो चरे पडलेल्या डिस्कवर. प्रगती दाखवणारी पट्टी ३७ टक्क्यांवर थबकते, ड्राइव्ह घरघरत राहतो, आणि तो अडला आहे की प्रयत्न करतो आहे, हे कळायला मार्ग नसतो. शेवटी एक त्रोटक त्रुटी दिसते आणि तोवर उतरलेलेही वाया जाते. याचे उत्तर फार पूर्वीच निघालेले आहे. ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी डिस्कवरचा चांगला भाग पदरात पाडून घेतो, खराब जागा ओलांडून पुढे जातो आणि सगळ्यात शेवटी त्या जागांकडे वळतो. कोणता भाग वाचला आणि कोणता राहिला याचा नकाशा तो एका फाइलमध्ये नोंदवत असल्याने काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी, अगदी दुसऱ्या ड्राइव्हवरसुद्धा, पुढे चालू करता येते. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने हीच पद्धत पडद्यामागे वापरावी आणि तो नकाशा माणसाला कळेल अशा भाषेत दाखवावा. सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक आम्हाला काय कामाचा? ‘४२ मिनिटे १५ सेकंदांपासून चार सेकंदांचे चित्र मिळाले नाही’ असे सांगितले, तर ती मंगलाष्टके होती की जेवणाची पंगत, हे लगेच पाहता येईल.

त्याच्या पुढची सोय आपल्याकडे फार उपयोगी पडेल. लग्नाच्या डिस्कचा एक संच वराकडे आणि एक वधूकडे असतो, आणि दोन्ही संच एकाच मूळ प्रतीवरून काढलेले असले, तर त्यांतील माहिती सेक्टरगणिक सारखी असते. चरे मात्र दोन्हीकडे एकाच जागी पडतील असे क्वचितच होते. एका प्रतीतली भोके दुसऱ्या प्रतीतून भरून काढणे डीडीरेस्क्यूच्या नकाशामुळे आजही शक्य आहे, पण ते जाणकारांनाच जमते. ‘या डिस्कची दुसरी प्रत आहे का?’ एवढा एक प्रश्न सॉफ्टवेअरने विचारला आणि व्याह्यांकडची डिस्क घालायला सांगितले, तर कितीतरी समारंभ पूर्ण उतरतील.

व्हीसीडीला मेकएमकेव्ही ओळखतच नाही. त्यात एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असतात आणि त्या कॉपी करता येतात, पण चरे इथे जास्त भोवतात. साध्या सीडीवरील माहितीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट भरतात आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीने त्यातली बरीच जागा चित्रासाठी वापरली आणि सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरले. तरीही एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावत असल्याने नाटक दोन किंवा तीन डिस्कवर विभागले जाई, आणि विभागणी अंकाच्या शेवटी न होता संवादाच्या ऐन मध्यावर होई. असे तुकडे पुन्हा एन्कोड न करता, दर्जा जराही न घालवता, एकापुढे एक जोडता येतात. ‘पुढची डिस्क याच नाटकाची आहे’ अशी एक खूण करायची सोय द्यावी.

भाषेच्या खुणेविषयीची सूचना लहान आहे, पण ती मला महत्त्वाची वाटते. एमकेव्ही ज्या मात्रोस्का स्वरूपात असते, त्यात आवाजाच्या ट्रॅकला भाषा नोंदवलेली नसेल तर ती इंग्रजी समजावी असा मूळ नियम आहे. घरगुती डिस्कवर भाषा नोंदवण्याची तसदी सहसा कुणी घेतलेली नसते, म्हणून आजीने म्हटलेल्या ओव्या टीव्हीवर ‘इंग्लिश’ या नावाखाली वाजतात. नोंद नसल्यास कोणती भाषा गृहीत धरायची, हे ठरवण्याचा अधिकार सेटिंगमध्ये वापरणाऱ्याला असावा.

बाजारातल्या डिस्कवर नक्कल रोखण्यासाठी घातलेल्या कुलुपांविषयी मी काही मागत नाही. हँडब्रेक ती तोडत नाही, आणि घरच्या समारंभांच्या डिस्कना ती नसतातच.

काम संपल्यावर मात्र फाइलशेजारी साधी मजकुराची एक फाइल तयार व्हावी. तिच्यात डिस्कचे नाव, उतरवल्याची तारीख, न मिळालेल्या जागा आणि पुढे कधीही फाइल पडताळून पाहण्यासाठी तिचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, असावा. ती पाहून मूळ डिस्क भंगारात द्यायची, की व्याह्यांची प्रत येईपर्यंत ठेवायची, हे ठरवता येईल.